गावाची लोकसंख्या नक्की किती लिहायची? (आणि एसटीच्या फेर्‍या)

पाखाडी
आमच्या ग्रामस्थ मंडळाची (मुंबई) स्मरणिका निघतेय आणि 'गावाची ओळख' हे पान माझ्या गळ्यात पडलंय. गाव मंडणगड-दापोलीच्या मधल्या डोंगरात. नाव मुद्दाम देत नाही, भावकीतली निम्मी मंडळी इथे वाचनमात्र असतात. पानात काय हवं ते ठरलेलं आहे: लोकसंख्या, वाड्या, देवस्थान, शाळा आणि 'गावी कसे जाल'. देवस्थानावर चार पानं झाली, ती आता कापायची आहेत. लोकसंख्येपाशी मात्र गाडं अडलं.

२०११ च्या जनगणनेतला आकडा मंडळाच्या बैठकीत वाचला तर हशा पिकला. एक काका म्हणाले, "एवढी माणसं आमच्या एका वाडीच्या पालखीला असतात." ग्रामपंचायतीच्या फलकावर दुसरा आकडा. मतदारयादीत तिसरा, आणि गंमत म्हणजे तो जनगणनेतल्या एकूण माणसांपेक्षा मोठा! मंडळाच्या वर्गणीच्या वहीतला चौथा तर याहून कितीतरी मोठा.

'गावी कसे जाल' मध्येही तसंच. सरकारी कागदावर गावात बससेवा 'आहे'. प्रत्यक्षात सकाळी एक गाडी बाहेर पडते आणि रात्री तीच मुक्कामाला येते. दुपारची बंद आहे. गाडी थांबते खालच्या वाडीत, देवळापाशी. वरच्या दोन वाड्यांना तिथून पर्‍या (ओढा) ओलांडून पाखाडी (दगडी पायवाट) चढायची. आमचे चुलते म्हणतात, "कागदावं गाव हाय, वाडी खंय हाय?"

तर जाणकारहो, कुठला आकडा छापू? आणि 'बससेवा उपलब्ध' असं लिहिलं तर पाप लागेल का?

आकडेमोड्या
चारही आकडे खरे असू शकतात, कारण ते चार वेगळ्या गोष्टी मोजतात. मतदारयादीत नाव गावचं आणि बिर्‍हाड नालासोपार्‍यात, असे लोक कोकणात घरटी सापडतील. जनगणनेला मात्र तुमचं मूळ गाव कुठलं याच्याशी कर्तव्य नसतं, मोजणीच्या काळात तुम्ही राहता कुठे एवढंच ती पाहते.

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. आता जुनं पंचांग काढा. त्या वर्षी होळी १९ मार्चला पेटली. प्रगणक वही मिटून गेला आणि तीन आठवड्यांत चाकरमानी शिमग्याला हजर! २००१ लाही मोजणीच्या तारखा त्याच होत्या आणि होळी मार्चच्या दुसर्‍या आठवड्यात. कोकणातलं गाव वर्षात सगळ्यात रिकामं कधी, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून फेब्रुवारी सांगेन. भात कधीच कणगीत पडलेलं, आंबा अजून हाताशी यायचा, शाळांना सुट्टी नाही, सण नाही. नेमकी तेव्हाच डोकी मोजायची.

जिल्ह्याचे आकडे बघा. रत्नागिरी २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. त्या दशकात महाराष्ट्रात हे दोन जिल्हे घटले आणि तिसरं खुद्द मुंबई शहर. (मुंबई शहर घटलं ते उपनगरात आणि पुढे ठाण्यात सांडलं म्हणून. त्याच गणनेत ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशात पहिला आला, तेव्हा पालघर वेगळं व्हायचं होतं.)

खरा आकडा लिंग-गुणोत्तराचा. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. मुंबई शहरात ८३२, उपनगरात ८६०, ठाण्यात ८८६. तुमच्या गावचे पुरुष कुठे मोजले गेले हे यातूनच कळतं.

नालासोपारा फास्ट
आकडेमोड्या, धन्यवाद. आमचं अख्खं खानदान त्या ८८६ च्या हिशेबात आलेलं आहे.

पण पाखाडीभाऊ, राग मानू नका, दोन वाड्यांत मिळून पाच-पंचवीस म्हातारी माणसं उरली असतील तर तिथवर रोज बस कशाला? डिझेल काय झाडाला लागतं? ज्याला जायचंय तो रिक्षा करतो. आम्ही गणपतीला गाडी घेऊन थेट अंगणात उतरतो.

सुरंगी
अंगणात उतरता ते वर्षातून दोनदा. उरलेले दिवस त्या अंगणाला सारवतं कोण, तेही लिहा की.

मी गावातच राहते. पाखाडींच्या गावाशेजारी म्हटलं तरी चालेल. सकाळच्या गाडीत कोण असतं ते सांगते. साडेसहाला देवळापाशी दोन आज्या येऊन बसलेल्या असतात, डोक्याला टापशी, पिशवीत सरकारी दवाखान्याची फाइल आणि प्लॅस्टिकच्या डब्यात चुलीवरची भाकरी. मग अकरावी-बारावीच्या पोरी. मग बचतगटाच्या बायका, बँकेत स्लिप भरायला. एखादा पुरुष असला तर तो पोस्टमन नाहीतर गवंडी. कंडक्टर मशीन हातात घेतो आणि एकामागून एक अर्धी तिकिटं निघतात. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं आहे ना. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून फुकट. पोरींकडे पास. आता सांगा, कुणाच्या गाडीची चर्चा चाललीय इथे? ज्यांच्याकडे दुचाकी नाही आणि दुचाकीवर मागे बसवायला घरात पोरगा नाही त्यांच्या.

रिक्षाचं म्हणाल तर बाजारापर्यंत पूर्ण रिक्षा करायची म्हणजे आजीची निराधार योजनेची कितीतरी रक्कम एका फेरीत गेली. सीट भरेपर्यंत थांबायचं तर डॉक्टर जेवायला जातो.

नालासोपारा फास्ट
ताई, मुद्दा पोचला. आमची आजीही त्या दोघींतलीच असेल.

मुक्कामी गाडी
उशिरा आलो धाग्यावर. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त. कुठल्या आगारात ते राहू द्या.

फेरी चालू ठेवायची की नाही हे गावची लोकसंख्या बघून ठरतं असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. वरिष्ठांपुढे जातो तो कागद भारमानाचा आणि किलोमीटरमागे किती उत्पन्न आलं त्याचा. भारमान म्हणजे गाडीची क्षमता किती आणि भरली किती. डोंगरातल्या गावच्या फेरीचं भारमान मुळातच लंगडं, कारण सकाळी गाडी भरून खाली येते आणि परत जाताना रिकामी चढते. संध्याकाळी उलट. त्यात दुपारची फेरी दोन्ही बाजूंनी अर्धीच. कात्री लागली की पहिली तीच कापली जाते.

मुक्कामी गाडीचं गणित वेगळं. ती गावात झोपते म्हणून पहाटे आगारातून रिकामी वर न्यावी लागत नाही. तेवढे किलोमीटर वाचतात. पण त्यासाठी गावाने ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला खोली, पाणी, दिवा आणि संडास द्यावा अशी अपेक्षा असते. पूर्वी कुणाच्या ना कुणाच्या पडवीत सोय व्हायची, भाकरी-कालवण यायचं, कंडक्टर गावच्या लग्नाच्या यादीत असायचा. आता पडवीला ग्रिल आणि ग्रिलला कुलूप. घरमालक विरारला. ऐन थंडीत स्टाफने गाडीतच अंग टाकलेलं मी पाहिलंय. मग कोण हौसेने ती ड्युटी मागून घेणार?

दुसरं म्हणजे २०२१ च्या दिवाळीच्या आसपास सुरू झालेला संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तेवढ्या महिन्यांत लोकांनी आपापली सोय लावून घेतली. वडाप (सीटवर चालणारी खाजगी गाडी), मॅजिक, उधारीवर घेतलेली दुचाकी. गाडी पुन्हा सुरू झाली तरी प्रवासी सगळे परत येत नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हटल्यावर फेरी तरी किती दिवस टिकणार.

पाखाडी, तुमच्या भागात आणखी एक कारण होतं. म्हाप्रळ-आंबेतचा पूल. सावित्री खाडीवरचा हा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा मुंबईच्या गाड्या महाडवरून वळवाव्या लागल्या. पल्ला वाढला, भाडं वाढलं (टप्पा सहा किलोमीटरचा, टप्पे वाढले की तिकीट वाढतं), वेळ वाढला. माणसांना खाडी ओलांडायला फेरीबोट होती, पण सामानसुमान घेऊन म्हातार्‍या माणसाने चढायचं-उतरायचं म्हणजे काय ते विचारू नका. अशा वेळी मुंबईची गाडी उशिरा आली की तिच्यावर जोडलेली गावची गाडीही चुकते. 'गावी कसे जाल' मध्ये हे कसं लिहिणार तुम्ही?

जांभा
रस्त्याच्या बाजूने मी लिहितो, पोटापाण्याचा तोच धंदा आहे.

आकडेमोड्यांनी महसुली गावाचा आकडा धरला. पण रस्त्याला वाडी लागते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तिचा हिशेब वस्तीचा आहे, महसुली गावाचा नाही. मैदानी भागात ५०० आणि त्यावर लोकवस्ती असेल तर बारमाही रस्ता. डोंगरी राज्यं, वाळवंट आणि आदिवासी क्षेत्रांसाठी २५०. आता रत्नागिरी जिल्ह्यात फुटबॉल खेळायला सपाट जागा शोधून दाखवा! पण महाराष्ट्र काही हिमाचल-उत्तराखंडसारखं 'डोंगरी राज्य' नाही, आणि मंडणगड-दापोली अनुसूचित क्षेत्रातही नाही. म्हणजे उंबरठा ५०० चा. तुमच्या सगळ्या वाड्या मिळून पाचशेच्या वर जातील, एकेकटी वाडी कशी जाईल? त्यात मोजणी पुन्हा फेब्रुवारीतली.

मग उरतो तो ग्रामीण मार्ग, जिल्हा परिषदेच्या यादीतला. आमदार-खासदार निधी, डोंगरी विकास, जिल्हा नियोजन अशा तुकड्यातुकड्यांतून तो होतो. एका वर्षी खडी, दुसर्‍या वर्षी डांबर, मधला साकव तिसर्‍या वर्षी. साकव म्हणजे माणसाला पुरेल एवढा पूल, त्यावरून एसटी जात नाही. वाडीला रस्ता 'झाला' आणि गाडी मात्र खालीच, याचं कारण पुष्कळदा तो साकव असतो, नाहीतर गाडी वळवायला जागा नसते. एसटीला वळायला केवढी जागा लागते ते माहितेय ना? एखाद्याच्या कलमांच्या कुंपणाचे दोन गडगे मागे सरकवावे लागतात. तिथे मग भावकी आडवी येते. त्यातले अर्धे वारस मुंबईला आणि सातबार्‍यावर आजोबांचं नाव.

सुरंगी
जांभा, आमच्याकडे हेच झालं होतं. गडगा सरकवायला ज्यांची सही हवी होती ते शिमग्याला आले, पालखी घरी आली, जेवले, गेले. सही राहिली.

कोयनाकाठ
घाटावरून राम राम. आमच्याकडे रस्त्याऐवजी पाणी आहे एवढाच फरक. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला आणि जावळी-महाबळेश्वर-पाटणमधली खोर्‍यातली गावं एकतर उठली, नाहीतर काठावर चढून बसली. पूर्वीची वाट पाण्याखाली. आता तापोळा, बामणोली इथून लाँच. गाड्या न्यायला तराफा. जनगणनेच्या गाव-निर्देशिकेत बस, रेल्वे असे रकाने असतात, त्यात आमच्या लाँचचं काय होतं देव जाणे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की लाँच लांबवर थांबते, तिथून गाळातून चालायचं. म्हणजे आमची वाहतूक लोकसंख्येवर नाही, पाणीपातळीवर ठरते.

फेब्रुवारीचा मुद्दा मात्र आम्हालाही लागू. माथाडी कामाला नवी मुंबईत गेलेली माणसं यात्रेला येतात, मोजणीला नाही.

मोहफूल
गडचिरोलीतून. तुमच्याकडे दुपारची गाडी बंद झाली म्हणून चर्चा, वाचून बरं वाटलं आणि थोडी गंमतही. एटापल्ली तालुक्यात गर्देवाड्याला पहिली एसटी पोचली १ जानेवारी २०२५ ला. अहेरीहून. स्वातंत्र्याला ७७ वर्षं होऊन गेल्यावर. तिथे लोकसंख्येचा प्रश्नच नव्हता, रस्ता आणि पोलीस ठाणं आधी, मग गाडी.

शाळेच्या पोरींसाठी मानव विकासच्या गाड्या मात्र आमच्या भागात खरंच उपयोगाच्या. मागास तालुक्यांसाठीची राज्याची योजना आहे, गाड्या एसटी चालवते. शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात, म्हणून भारमानाच्या कात्रीतून वाचतात. सुरंगीताई, तुमचा तालुका त्या यादीत आहे का ते पंचायत समितीत विचारा.

आकडेमोड्या
कोयनाकाठ, निर्देशिकेचा विषय काढलात ते बरं केलंत. पाखाडींच्या 'बससेवा उपलब्ध'चं मूळ तिथेच आहे.

जिल्हा जनगणना पुस्तिकेचे दोन भाग असतात. एकात गावनिहाय सोयी, दुसर्‍यात प्राथमिक गोषवारा: कुटुंबं, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वर्षांची मुलं, साक्षर, काम करणारे. सोयींच्या भागात बस, रेल्वे स्टेशन, पोस्ट, बँक अशा प्रत्येकाला एक रकाना. गावात असेल तर 'आहे'. नसेल तर सगळ्यात जवळची किती लांब त्याचं अक्षर: पाच किलोमीटरच्या आत 'ए', पाच ते दहा 'बी', दहाच्या पुढे 'सी'. बस दिवसातून एक येते की दहा, मुख्य गावात थांबते की वाडीत चढते, दुपारी असते का, यातलं काही तिथे मावत नाही. रेल्वेच्या रकान्यात तुमच्या गावापुढे 'सी' असणार. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय, पण दापोली किंवा मंडणगड तालुक्यात तिचं एकही स्टेशन नाही. खेडला उतरायचं नाहीतर माणगावला. अकरा किलोमीटर असो की पन्नास, अक्षर तेच.

एक सूचना. गोषवार्‍यात 'सीमांतिक काम करणारे' असा आकडा असतो, वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले. तुमच्या गावासाठी तो बघा. भातशेतीच्या गावात तो लोकसंख्येपेक्षा जास्त बोलका निघतो.

पाखाडी
सगळ्यांचे आभार. बसलो आणि पान असं लिहिलंय. कुणाला काही खटकत असेल तर सांगा:

'२०११ च्या जनगणनेनुसार (फेब्रुवारीतली मोजणी) गावाची कायम वस्ती अमुक. मतदार अमुक. शिमगा आणि गणपतीत घरं उघडतात तेव्हा ही संख्या कैक पटींनी वाढते. वाड्या पाच, त्यांपैकी तीन डांबरी रस्त्यावर, दोन पाखाडीवर. एसटी सकाळी एक, रात्री मुक्कामी एक. दुपारी गाडी नाही. गाडी देवळापर्यंत येते. वरच्या वाड्यांत जाणार्‍यांनी रात्रीच्या गाडीने आल्यास बॅटरी बरोबर ठेवावी, पावसाळ्यात पर्‍याला पाणी असेल तर खालच्या वाडीत मुक्काम करावा. रेल्वेने खेड, तिथून दापोलीमार्गे.'

बाजूला वाडीवार तक्ता देणार आहे: उघडी घरं, बंद घरं. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात 'बंद घरं' छापू नका, बरं दिसत नाही.

मुक्कामी गाडी
छापा. आणि गाडीच्या वेळा छापू नका, स्मरणिका कपाटात दहा वर्षं राहते. आगाराचा चौकशीचा नंबर द्या.

सुरंगी
'बॅटरी बरोबर ठेवावी' आवडलं. त्यात 'आजीसाठी गोळ्या आणाव्यात' हेही घाला.

जांभा
तक्त्यात आणखी एक रकाना घाला, वाडीपर्यंत चारचाकी जाते का, आणि जात नसेल तर कुठे अडते. साकव, चढ की गडगा. पुढे निधीसाठी अर्ज करताना तोच तक्ता लावता येईल.

आकडेमोड्या
पुढच्या जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ ठरलेला आहे, म्हणजे माणसं मोजायची ती पुन्हा फेब्रुवारीतच, आणि होळी पुन्हा मार्चमध्ये. त्यामुळे वस्तीचा आकडा फार बदलेल अशी आशा धरू नका. पण त्याआधीच्या घरयादीत प्रत्येक इमारतीची नोंद होते, बंद असली तरी. प्रगणक नजरी नकाशा काढतो त्यात वरच्या दोन वाड्या त्यांच्या नावाने आल्या की नाहीत, एवढं गावात असणार्‍या कुणीतरी पाहायला हवं. वाडीचं नाव 'वरची वाडी' म्हणून गेलं की तालुक्यात पन्नास वरच्या वाड्या निघतात.

सुरंगी
ते मी बघते. प्रगणक बहुतेक आमच्याच शाळेतले गुरुजी असतील. पाखाडीभाऊ, तुमच्या दोन वाड्यांची कागदोपत्री नावं मला व्यनि (खाजगी निरोप) करा, शाळेच्या दाखल्यावर असतात ती.

पाखाडी
केला व्यनि. एका वाडीची दोन नावं आहेत, दोन्ही पाठवलीत. अध्यक्षांना बंद घरांचं सांगितलं, ते म्हणाले आधी माझं घर उघडं धरा, मेमध्ये जाणार आहे.

नालासोपारा फास्ट
मग आमचंही धरा.

आकडेमोड्या
मेमध्ये जाऊन किती दिवस राहणार त्यावर आहे. :)